राहूचे वेळापत्रक

दिवाळीच्या अंकात ग्रहणाचा विषय काढणाऱ्या माणसाला लोक अरसिक म्हणतील, हे मला ठाऊक आहे. घरोघर चकलीचे घाणे पडत आहेत, पोरे किल्ल्यावर मावळे मांडत आहेत, आणि आमचे हे सदर निघाले राहूकेतूंना आवतण द्यायला! पण वाचकहो, दोष माझा नाही, तिथीचा आहे. लक्ष्मीपूजन येते अमावास्येला, आणि सूर्यग्रहण लागते तेही अमावास्येलाच. तेव्हा हे दोन पाहुणे कधी ना कधी एकाच उंबरठ्यावर समोरासमोर येणारच. २४ ऑक्टोबर १९९५ ला ते आले, ३ नोव्हेंबर २०१३ ला आले, आणि २५ ऑक्टोबर २०२२ ला तर लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधोमध ठाण मांडून बसले.

गंमत अशी की, या पाहुण्यांचे येणे कधीच अवचित नसते. शिंप्याने दिवाळीचे कपडे 'परवा नक्की' म्हणून सांगितले, तर तो परवा कोणत्या महिन्यातला हे आपण विचारीत नाही. पण पंचांगाने स्पर्श इतके वाजून इतक्या मिनिटांनी असे छापले, की सूर्यबिंबाच्या कडेला त्या मिनिटाला खळगा पडलाच म्हणून समजावे. शिंपी चार घरांपलीकडे राहतो, आणि चंद्र पावणेचार लाखांहून अधिक किलोमीटरांवर. मग जवळच्याचा भरवसा नाही आणि लांबचा शब्दाला जागतो, हे कसे?

मी पडलो मराठीचा मास्तर, त्यामुळे माझी सुरुवात शब्दापासून. 'ग्रहण' म्हणजे धरणे, पकडणे. पाणिग्रहणातले ग्रहण ते हेच. दोहोंचे मुहूर्त पंचांगातच पाहतात. फरक एवढाच, की सूर्याच्या ग्रहणाचा मोक्षकालही तेथे छापलेला असतो! 'स्पर्श', 'मध्य', 'मोक्ष', 'ग्रास' हे सारे शब्द कोणी तरी कोणाला धरले, गिळले आणि सोडले, अशा कथेतून आलेले आहेत. ग्रहण लागताच 'दे दान, सुटे गिऱ्हान' अशी आरोळी गल्लीबोळांतून उठायची, ती या कथेच्या आधारावरच. पण याच कथेच्या पोटात गणिताची एक किल्ली दडलेली आहे. ती राहूच्या नावात आहे.

आधी एक साधी शंका घेऊ. चंद्र सूर्याच्या आड आला की सूर्यग्रहण, हे शाळेतल्या पोरालाही येते. चंद्र तर दर अमावास्येला सूर्याच्या बाजूला जातो. मग वर्षातून बारा ग्रहणे का लागत नाहीत?

घरातल्या दोन बांगड्या घ्या, एक थोडी मोठी, एक लहान. मोठीच्या आत लहान बसवा आणि लहानीला जराशी कलती करा. मोठी बांगडी ही सूर्याची आकाशातली वाट, म्हणजे क्रांतिवृत्त. लहान कलती बांगडी ही चंद्राची वाट. हा कल आहे सुमारे ५ अंशांचा. सूर्याचे आणि चंद्राचे बिंब आपल्याला दिसते ते मात्र जेमतेम अर्ध्या अंशाचे. म्हणून बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निसटून जातो. दोघांची गाठ पडायची तर ती या दोन वाटा एकमेकींना छेदतात तेथेच, किंवा त्याच्या आसपास. असे छेद दोन. आपल्या ज्योतिष्यांनी त्यांना पात म्हटले आणि नावे दिली राहू आणि केतू. म्हणजे राहू हा कोणी राक्षस नव्हे, तो आहे दोन रस्त्यांचा तिठा. तिठ्यावर सूर्य असावा, आणि नेमकी तेव्हाच अमावास्या व्हावी, की झाले ग्रहण.

हा तिठाही एका जागी स्वस्थ नाही. तो क्रांतिवृत्तावर उलट्या दिशेने सरकतो आणि सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. पंचांगात राहू नेहमी वक्री असतो तो याचमुळे. तिठाच सामोरा येत असल्याने सूर्याला एका पाताकडून निघून पुन्हा त्याच पाताशी यायला पुरे वर्ष लागत नाही, सुमारे ३४६.६ दिवस पुरतात. पाताच्या दोन्ही अंगांना पंधरा ते अठरा अंशांपर्यंत ग्रहणाची हद्द असते. ती ओलांडायला सूर्याला महिन्याहून अधिक काळ लागतो, आणि अमावास्या तर साडेएकोणतीस दिवसांनी येतेच. म्हणून पृथ्वीवर कोठे ना कोठे वर्षाला निदान दोन सूर्यग्रहणे होतातच. फार तर पाच. आपल्याला वाटते ग्रहण दुर्मीळ आहे. दुर्मीळ आहे ते आपल्या गच्चीवरून दिसणारे ग्रहण.

आता वेळापत्रकाकडे वळू. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस जातात. अशा २२३ अमावास्या मोजल्या तर ६५८५.३२ दिवस होतात. तिकडे सूर्याच्या पातापासून पातापर्यंतच्या १९ फेऱ्यांना लागतात ६५८५.७८ दिवस. चंद्र पृथ्वीच्या जवळ येतो आणि दूर जातो, त्याच्या २३९ फेऱ्यांना ६५८५.५४. पाहा, तीन वेगवेगळ्या चालींचे वाटसरू इतक्या दिवसांनी जवळजवळ एकाच पारावर येऊन बसतात! हा काळ म्हणजे १८ वर्षे, १० किंवा ११ दिवस आणि वर सुमारे ८ तास. एक ग्रहण लागून गेले की इतक्या काळाने त्याचेच भावंड पुन्हा येते. बाबिलोनच्या लोकांनी हे चक्र अडीच हजार वर्षांपूर्वी हेरले होते. आज त्याला 'सारोस' म्हणतात.

पडताळा हवा असेल तर दिवाळीचाच घ्या. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी राजस्थानपासून बंगालपर्यंत खग्रास ग्रहण दिसले. त्यात १८ वर्षे, १० दिवस आणि ८ तास मिळवा. येतो ३ नोव्हेंबर २०१३, पुन्हा दिवाळीचीच अमावास्या. ग्रहण ठरल्याप्रमाणे लागले. पण जादाच्या त्या ८ तासांत पृथ्वी एकतृतीयांश फिरली होती. आपल्याकडे तेव्हा तिन्हीसांज होऊन गेली होती, आणि सावली पडली ती अटलांटिक महासागरावर व मध्य आफ्रिकेवर. याच घराण्यातले पुढचे ग्रहण १४ नोव्हेंबर २०३१ चे. तीही दिवाळीचीच अमावास्या. मात्र त्या वेळी आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असेल, आणि आपण फटाक्यांचा कचरा अंगणात तसाच टाकून झोपलेले असू.

म्हणजे चक्राने दिवस कळतो, पण जागा कळत नाही. आणि सूर्यग्रहणाचा खरा पेच तेथेच आहे. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. ती चंद्रावरच पडलेली असल्याने ज्याला ज्याला चंद्र दिसतो त्या साऱ्यांना सारखीच दिसते. सूर्यग्रहणाचे तसे नाही. हाताचा अंगठा डोळ्यासमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. भिंतीवरचे कॅलेंडर अंगठ्यामागे लपते आणि पुन्हा उघडे पडते. चंद्र हा तसाच जवळचा अंगठा आहे आणि सूर्य दूरचे कॅलेंडर. माधवनगरच्या माणसाला चंद्र जेथे दिसतो, तेथेच तो नागपूरच्या माणसाला दिसत नाही. या फरकाला आपल्या ग्रंथांत लंबन आणि नती अशी नावे आहेत, आणि तो प्रत्येक गावासाठी निराळा काढावा लागतो. त्यातच घड्याळाचा घोळ. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालते आणि माधवनगर आहे साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. तेव्हा येथला सूर्य घड्याळाच्या मानाने सरासरी ३२ मिनिटे मागे असतो.

गावोगावचा हा हिशेब सोपा करण्याची युक्ती १८२० नंतरच्या दशकात बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने काढली. त्याने म्हटले, गोल पृथ्वीवर सावली शोधत फिरण्याआधी पृथ्वीच्या मध्यातून एक अवाढव्य सपाट पोळपाट गेला आहे अशी कल्पना करा, आणि तो चंद्राच्या सावलीशी काटकोनात धरा. त्या पोळपाटावर सावलीचे गोल वर्तुळ कोठे आहे, केवढे आहे आणि कोणत्या वेगाने सरकते आहे, एवढे आकडे एकदाच काढून ठेवा. मग ज्याने त्याने आपल्या गावाचे अक्षांश, रेखांश आणि उंची घालावी आणि आपापला स्पर्श, मध्य, मोक्ष काढून घ्यावा. आजचे संगणकही बहुधा याच पोळपाटावर लाटतात. फक्त हात फार भराभर चालतो.

पण युक्ती कितीही नामी असली, तरी मूळचे आकडे खरे हवेत. चंद्र रोज सुमारे १३ अंश चालतो असे आपण म्हणतो, पण तो कधी १२ च्या खाली रेंगाळतो, तर कधी १५ च्या घरात धावतो. त्याला पृथ्वी ओढते, सूर्य ओढतो, इतर ग्रहही जाता जाता चिमटा काढतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्राऊन नावाच्या गणितज्ञाने चंद्राच्या गतीची कोष्टके केली, तेव्हा त्याला दीड हजारांच्या आसपास लहानमोठे संस्कार द्यावे लागले. हे संस्कार घरात बसून सुचत नाहीत. त्यांच्यासाठी आकाशाकडे पाहावे लागते, आणि आकाश व वही यांचे जमले नाही तर वही खोडावी लागते.

ही वही खोडण्याची परंपरा आपल्या महाराष्ट्रात चांगली जुनी आहे. ग्रहण हे छायेचे काम आहे, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच सांगून ठेवले. पुढे कोकणात मुरूडजवळच्या नांदगावी केशव दैवज्ञ होऊन गेले. त्यांनी स्वतः आकाशाचे वेध घेतले, जुन्या ग्रंथांतले आकडे आणि डोळ्यांना दिसणारे ग्रह यांत अंतर पडते हे नोंदवून ठेवले, आणि पुढच्यांनीही असेच वेध घेऊन नवे ग्रंथ करावेत असा अभिप्राय लिहून ठेवला. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचले. कोणत्याही एका सिद्धांताचा हट्ट न धरता, ज्या ग्रहाचे ज्या पक्षाशी जमते तो पक्ष त्यांनी घेतला. भुजज्या-कोटिज्यांची किचकट आकडेमोड वगळून साध्या गुणाकार-भागाकारांवर सारे गणित बसवले, आणि दिवसांची संख्या फुगू नये म्हणून अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडली. गावोगावच्या जोशांना ते इतके सोयीचे वाटले, की पुढची तीन-साडेतीन शतके महाराष्ट्राची पंचांगे त्याच्यावर चालली.

मात्र सोय ही मोठी फसवी असते. बापाने सांगितले होते आकाश पाहून सुधारा, आणि नातवंडे-पतवंडे बसली मुलाचा ग्रंथ पाठ करीत. इतक्या काळात बारीक बारीक चुका साठत गेल्या. तेव्हा पुन्हा वही खोडायला निघाले ते बहुतेक मास्तरच, हे सांगताना आमच्या जमातीचा अभिमान थोडा डोकावला तर वाचकांनी क्षमा करावी. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली आणि पुढे पटवर्धनी पंचांग सुरू झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शिक्षकी सांभाळून भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, तो १८९६ साली छापून निघाला. व्यंकटेश बापूजी केतकर यांनीही मास्तरकी करता करता नव्या वेधांवर आधारलेले 'ज्योतिर्गणित' सिद्ध केले. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी हा पंचांगशोधनाचा प्रश्न हाती धरला. मुंबई-पुण्याच्या परिषदांनंतर १९२० साली याच प्रश्नावर ज्योतिषसंमेलन भरले ते आमच्या सांगलीला. माधवनगरातून सायकलीने पोचता येईल अशा अंतरावर, राहूचे वेळापत्रक वहीवरून ठरवावे की आकाशावरून, याचा खल झाला! स्वातंत्र्यानंतर डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये आपला अहवाल दिला, आणि आधुनिक गणिताचे राष्ट्रीय पंचांग रुजू झाले.

गणितावर माणसे किती विसंबतात, याचा एक दाखला आमच्या मुलखातलाच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली हिंदुस्थानावरून जाणार, हे आधीच काढून ठेवलेले होते. त्या पाच-सहा मिनिटांच्या काळोखासाठी फ्रान्सहून जान्सेन गुंटूरला येऊन बसला, आणि विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण घेऊन आला तो पटवर्धनांच्या जमखंडीस, सांगलीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत! ऑगस्टातले ते आभाळ. ढग पडद्यासारखे पुढे-मागे होत होते. तरी मिळाल्या फटीतून त्याने सूर्याच्या ज्वालांच्या प्रकाशात तांबडी, नारिंगी आणि निळी रेषा पाहिली. त्या नारिंगी-पिवळ्या रेषेचा मेळ पृथ्वीवरच्या कोणत्याच ओळखीच्या पदार्थाशी बसेना. त्यातूनच पुढे हेलियम हे नाव जन्माला आले, आणि १८९५ मध्ये रॅम्से याला तो वायू पृथ्वीवर सापडला.

विजयदुर्गावर साहेबाचे कट्टे दाखवतात, आणि लॉकियर साहेबाने १८६८ साली येथूनच हेलियम शोधला असे सांगतात. गोष्ट गोड आहे, पण लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. त्याने ऑक्टोबरात तेथूनच, ग्रहण नसताना, त्या ज्वालांचे वेध घेतले. विजयदुर्गास तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. त्याच सावलीची वाट धरून सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल दुर्बिणी रोवून बसले होते. समुद्रापलीकडची माणसे महिने महिने आधी निघतात, माळावर तंबू ठोकतात, आणि सावली येते ती नेमकी त्यांच्या डोक्यावर. एका गावी खग्रास ग्रहण यायला सरासरीने पावणेचारशे वर्षे लागतात. तेव्हा वहीतला आकडा चुकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहू म्हणायची सोय नाही.

आता तर हा हिशेब सेकंदांवर आला आहे. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसरचे किरण मारून त्याचे अंतर सेंटिमीटरांत मोजतात. चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून दूर सरकतो आहे, हेही त्यातूनच कळले. त्याच्या कडेवरचे डोंगर आणि दऱ्या यांचेही नकाशे आहेत, कारण शेवटचा किरण कोणत्या दरीतून डोकावणार यावर खग्रासाचा सेकंद ठरतो. मात्र पृथ्वीची स्वतःभोवतीची चाल थोडी लहरी आहे. म्हणून हजारो वर्षांनंतरच्या ग्रहणाचा दिवस सांगता येतो, पण सावली कोणत्या गावावरून जाईल हे खात्रीने सांगता येत नाही. ज्या शास्त्राला आपल्या ज्ञानाची वेस कोठे संपते तेही सांगता येते, त्याच्यावर माझा विश्वास अधिक बसतो.

याच विश्वासाची गोष्ट २०२२ च्या दिवाळीत शेजारच्या आक्कांशी निघाली. त्यांची लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. ग्रहण संध्याकाळी पाचच्या सुमारास लागून ग्रस्तास्त व्हायचे. पण वेध भल्या पहाटेपासूनचे. मुलगी सकाळपासून पाण्याच्या घोटाशिवाय आतल्या खोलीत बसलेली. फराळाचे डबे बंद. मी हळूच म्हटले, "आक्का, तिला खाऊ द्या काहीतरी." तशा त्या म्हणाल्या, "का हो सर, पंचांगातली वेळ तुम्ही खरी धरता. मग नियम तेवढा खोटा? एकाच पानावर छापलंय की हो दोन्ही!"

प्रश्न बिनतोड होता. थट्टेवारी नेण्यासारखा तर मुळीच नव्हता, कारण त्यामागे लेकीची काळजी होती. मी म्हटले, "आक्का, या पानावरची वेळ दर ग्रहणाला परीक्षेला बसते. साऱ्या जगासमोर, घड्याळ लावून. नापास झाली तेव्हा मोठमोठ्या लोकांनी तिचे गणित बदलले, म्हणून आज ती पास होते. गर्भाला बाधा होते हा नियम कधी परीक्षेला बसलाच नाही. आणि बाधा व्हायचीच, तर ती उपाशीपोटी अधिक व्हायची." मग आम्ही त्यांचेच पंचांग उघडले. बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांनी वेध उशिरापासून पाळावेत, ही सवलत तेथेच बारीक टाइपात छापलेली होती. आक्कांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, काही न बोलता आत गेल्या, आणि लेकीपुढे दूध आणि केळे ठेवले. मला वाटते, शास्त्राने त्या दिवशी मिळवलेला हा विजय काही लहान नव्हता.

ग्रहणाचा एक नियम मात्र खरोखर पाळण्याजोगा आहे: उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये. डोळ्याचा आतला पडदा भाजतो आणि दुखतही नाही, म्हणून कळत नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल यांवर भिस्त ठेवू नये. ग्रहणासाठीचा प्रमाणित चष्मा नसेल, तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याकडे पाठ करावी आणि भोकातून भिंतीवर पडणारे प्रकाशाचे बिंब पाहावे. अंगणात झाड असेल तर तेही नको. पानांच्या फटींतून झाडाखाली शेकडो चंद्रकोरी आपसूक सांडतात.

पुढली संधी २ ऑगस्ट २०२७ ची. इजिप्तमधल्या लक्झरला तेव्हा सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास आहे. आपल्या वाट्याला दुपार कलल्यावर खंडग्रास येईल. तिथी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडले, की पोराबाळांना पुठ्ठा, टाचणी आणि घड्याळ देऊन गच्चीवर पाठवावे. पंचांगातला स्पर्शकाल आधी एका कागदावर लिहून ठेवावा, आणि बिंबाला खळगा पडताना दिसला की मुलांच्या हातून त्याच्या शेजारी घड्याळातली वेळ मांडवावी. आमच्या भागात ऑगस्टातल्या आभाळाचा नेम नाही. ढगच आले, तर निकाल राखून ठेवला असे समजावे आणि कागद पंचांगातच जपून ठेवावा. राहू पुन्हा येईल, आणि येण्यापूर्वी कळवील.